झाडून ठेवलेल्या मोहाखाली

मी खोटं बोललो ते सकाळी, स्वच्छ उन्हात, एकवीस मुलांच्या देखत. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं बहुतेक सगळं आनंदाचं आहे, आणि आनंदाचं लिहिताना आपली चूक हळूच मागं सारायची मला सवय आहे.

एकोडीच्या पलीकडं धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, तिथं आमची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. पहिली-दुसरी मोठ्या मॅडमकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मी मूळचा मोहाडीचा. वडिलांचं बाजारात धान्याचं लहानसं दुकान होतं. मोहफूल मी लहानपणापासून पाहिलं, पण ते पोत्यातलं, वाळून तपकिरी झालेलं. ते झाडावरून खाली कसं येतं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

तरी मुलांना बाहेर घेऊन जायची मला फार हौस. शनिवारी दप्तराविना शाळा भरू लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असेल. मी वहीत आखणी करायचो. आज बोडीची, म्हणजे गावच्या लहान तळ्याची, पाळ, पुढच्या शनिवारी पळसाची झाडं, त्याच्या पुढं वारूळ. निघण्याआधी मुलांना ओळीत उभं करून सूचना द्यायचो. रांग मोडायची नाही. हात लावायचा नाही. काही सांगायचं असेल तर हात वर करायचा, आणि पुस्तकात असतं तसं पूर्ण, शुद्ध वाक्य बोलायचं. नागपूरला शिकायला गेलो होतो तेव्हा माझ्या बोलण्याला मुलं हसली होती. माझ्या विद्यार्थ्यांना कुणी हसू नये, असं मला मनापासून वाटायचं. त्यापायी घरी घडाघडा बोलणारी मुलं माझ्यासमोर आली की आधी मनातल्या मनात वाक्य जुळवत, आणि जुळलं नाही की गप्प बसत. त्या शांततेला मी शिस्त म्हणत होतो. मुलांना मी जंगलात नेत होतो खरा, पण नेत होतो वर्गच. फक्त वरचं छत काढलेलं होतं.

चौथीत एक मुलगी होती. काटक, मोठ्या डोळ्यांची, हातावर कायम कशाचे तरी ओरखडे. तिला वडील नव्हते, घरात ती आणि आई दोघीच. मोहाचा हंगाम आला की ती शाळेत दिसेनाशी व्हायची. त्या वर्षी मार्चमध्ये ती चार दिवस आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन आईला बरंच सुनावलं. हजेरी, परीक्षा, पोरीचं भविष्य, सगळं काढलं. आई ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "पाठवतो जी उद्या." दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मुलगी आली. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांत झोप.

त्या दिवशी मी वर्गाला घेऊन जंगलाच्या कडेला गेलो. तिथं एक मोठा मोह आहे, तीन मुलांच्या कवेत न मावणारा. पानं बहुतेक गळून गेलेली, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके, आणि खाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा. हवेत तो गोडसर, थोडा आंबूस वास. आणि झाडाखालची जमीन अशी लख्ख झाडलेली, की एक वाळकं पान नाही, एक काडी नाही. मला वाटलं, वा! गावात स्वच्छतेची जाण आली. मुलांना बसवायला याहून चांगली जागा कुठं मिळणार?

आमच्या भागातल्या कुठल्याही मुलाला विचारा, झाडून ठेवलेल्या मोहाचा अर्थ काय ते सांगेल. हंगाम लागला की ज्या घरचं झाड असेल ते घर झाडाखालचा पाचोळा काढून जमीन साफ करतं, म्हणजे पडलेलं फूल दिसतं आणि मातीत-पानात घोळत नाही. त्या जमिनीला कुंपण नसतं, पाटी नसते. झाडलेली आहे, एवढंच पुरतं. दुसरं कुणी तिथलं एक फूल उचलत नाही. वाटेनं जाणारासुद्धा वळसा घालून जातो. एकवीसच्या एकवीस मुलांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि मी त्यांना बोलायची सोय ठेवली नव्हती.

ती मुलगी रांगेतून पुढं आली. "सर, थे झाड..." एवढं तिच्या तोंडून निघालं. मी म्हणालो, आधी रांगेत जा, हात वर कर, आणि नीट वाक्य तयार करून सांग. ती मागं गेली. तिनं हात वर केला नाही.

मग मी माझा पाठ सुरू केला. दहा फुलांचा एक ढीग म्हणजे दशक, दहा ढीग म्हणजे शतक. सुरुवातीला मुलं बिचकत होती. मी घाई केली तशी वेचू लागली. मग शर्यत लागली, आणि शर्यत लागल्यावर मुलं ती मुलंच. नऊशेच्या वर फुलं मोजली गेली, आणि त्याहून जास्त पायाखाली गेली. मी खुशीत होतो. असा जिवंत गणिताचा तास माझ्या नोकरीत झाला नव्हता.

तिची आई आली तेव्हा आमचं शतक-दशक चाललंच होतं. पहाटे ती दुसऱ्या, लांबच्या झाडाकडं गेली होती. लेक सोबत असली की दोघी दोन झाडं वाटून घेत; त्या दिवशी लेक शाळेत होती, म्हणून हे झाड तिनं मागं ठेवलं होतं. डोक्यावर टोपली घेऊन ती झाडलेल्या जमिनीच्या कडेला थांबली. आत पाय टाकला नाही. चेंगरलेल्या फुलांकडं बघितलं, मग मुलांकडं, मग माझ्याकडं. चेंगरलेलं फूल वाळत नाही, काळं पडून कुजतं, हे मला नंतर कळलं.

"आमचं झाड होय जी हे," ती म्हणाली. "पोरीनं सांगतलं नाई का तुमाले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. एकवीस मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "नाही हो. कुणीच काही बोललं नाही."

मुलीनं मान वर केली. एकदाच माझ्याकडं बघितलं. पुढं किती तरी दिवस, गाडीवर साकोलीला घरी परत जाताना, जेवताना, मला ती नजर दिसत होती. त्या नजरेत रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मधल्या सुट्टीत मुलांकडून कळलं, आईनं तिला खूप बोलून घेतलं होतं. घरचं झाड लोकांच्या पायाखाली गेलं आणि तुझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, असल्या शाळेत शिकून काय करते. मुलीनं "मी बोलली होती" असं सांगितलंही होतं. त्यावर आई म्हणाली होती, मास्तर कायले खोटं बोलतील?

हे शेवटचं वाक्य मला सांगणारा मुलगा चिंच चोखत होता. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी ऑफिसात जाऊन उगाच हजेरीपट उघडून बसलो. एका आईचा माझ्यावर इतका विश्वास होता की त्यासाठी तिनं आपल्या लेकीला खोटं ठरवलं. पोर शाळा सोडेल ही भीती होतीच, पण सोडली नाही तरी ती पुन्हा कधी कुणाला काही सांगायला पुढं येईल का, याचं मला जास्त वाटत होतं.

बुधवारी मी अंधार फिटायच्या सुमारास गाडी गावात लावून चालत मोहाकडं निघालो. धुकट उजेड होता. झाडापासून थोडा दूर असतानाच आईचा आवाज आला, "कोन होय?" मी नाव न सांगता "शाळेचा मास्तर" एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "आवाज देत या ना जी! अस्वल समजून गोटा मारला असता." मोहाचा वास अस्वलालाही आवडतो, वेचणाऱ्या बाया म्हणूनच एकमेकींना हाका मारत असतात. मला हाका मारायला कुणाचं नाव सुचेना. मग मला जे मोठ्यानं म्हणता येतं तेच म्हणू लागलो. तेराचा पाढा. अस्वलाच्या धाकानं तेरा आठेवर अडकलो. झाडामागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी वाकून फुलं वेचू लागलो. बोलायला धीर होत नव्हता, म्हणून हात चालवत होतो. पाच मिनिटांत कंबर धरली. आईची टोपली भरत आली होती, माझ्या रुमालात मूठभर फुलं. तेव्हा मी उभं राहून सांगितलं की शनिवारी तुमची मुलगी बोलली होती, तिला मी गप्प केलं, आणि तुमच्यासमोर खोटं बोललो. तिची काही चूक नाही.

आई वेचायची थांबली. झाडावरून फुलं पडत होती. एकेका फुलाचा बारीक 'टप्' आवाज ऐकू येत होता.

"मले सांगून काय होते, गुरुजी?" ती शेवटी म्हणाली. "तुमी पोट्ट्यांसमोर बोलले. पोट्ट्यांसमोरच सांगा."

मग पुन्हा वाकत म्हणाली, "अन् मोह सरेपर्यंत तं नाई येणार थे. दोन हात कमी पडतेत मले."

मुलगी बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला वेचत होती. मी त्या बाजूला गेलो की ती या बाजूला यायची.

मोठ्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, त्यांना कशाचंच फार नवल वाटत नसे. मी विचारलं, मोह सरेपर्यंत माझा वर्ग सकाळी तिकडंच भरवू का? तशी निम्मी मुलं पहाटे आपापल्या झाडाखालीच असतात. त्यांनी चष्मा पुसला. "पाढे तिकडं म्हणा, कविता तिकडं म्हणा. खिचडी मात्र शाळेत. मोहाखाली खिचडी वाढली तर वर अहवाल देताना मलाही तुमच्यासारखं खोटं बोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर एकवीस मुलं त्या झाडलेल्या जमिनीच्या कडेला उभी होती, एकही पाय आत नव्हता. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. तिनं मला थांबवायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही, वर तिच्या आईशी खोटं बोललो. मुलं गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. मग तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, "मंग तुमाले शिक्षा कोन देईल, सर?"

यावर बरीच चर्चा झाली. उठाबशा सुचवल्या गेल्या. अंगठे धरून उभं राहणं सुचवलं गेलं. एकानं, मॅडमना सांगू, असं म्हटलं, पण ते कुणाला पुरेसं वाटलं नाही. तेवढ्यात मुलीनं शेजारच्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. मैत्रीण पुढं आली आणि म्हणाली, "थे म्हणते, सरांले झाडू द्या."

मला वाटलं, झाड द्या म्हणते की काय. पण मैत्रिणीनं खराटा आणून माझ्या हातात दिला.

आणि अशा रीतीनं माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा महिना सुरू झाला. रोज सकाळी वेचणी आटोपली की उद्यासाठी मी त्या मोहाखालची जमीन झाडायचो. मुलं भोवती कडं करून माझ्या झाडण्यावर टीका करत. घरी मी कधी केरसुणी धरली नसणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. ती मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, पण माझं झाडणं तिला सहन होत नव्हतं, म्हणून मध्यस्थामार्फत हुकूम येत. "सर, थे म्हणते, धूळ उडवू नका, फुलं खराब होतेत." "सर, थे म्हणते, मुळाजवळचं राहिलं." एकदा मी मागं सरकताना टोपलीत पाय घातला, तेव्हा निरोपाची वाट न पाहता सगळा वर्गच ओरडला.

वर्ग म्हणाल तर असा चाले. ज्यांच्या घरची झाडं जवळपास होती ती मुलं आपापल्या झाडाखाली वेचत आणि तिथूनच पाढे म्हणत. एका झाडाखालून बे एके बे सुरू व्हायचं, दुसऱ्या झाडाखालून बे दुणे चार. जंगलाच्या काठानं पाढा पुढं पुढं जायचा. बाया खूश. एकीनं मला सांगितलं, आता अस्वलाची चिंता नाही, इतके पाढे ऐकून थे नागझिऱ्यालेच पळून गेलं असेल. वीसपर्यंतचे पाढे चौथीला कधी पाठ झाले, हे मला कळलंसुद्धा नाही.

आणि ती मुलगी शिकवत होती. मला नाही, बाकीच्या मुलांना, पण मी ऐकत असे. मोहाची फांदी हलवायची नाही. जे फूल आपण होऊन पडतं तेच गोड. टोपली गच्च भरायची नाही, खालची फुलं दबतात. चितळ रात्री येऊन गेलं की नाही, हे जमिनीवर कुठून ओळखायचं. पोपट फूल कुरतडून टाकतो आणि खारीला फूल दोन हातांत धरून खाता येतं, हे तिनं करून दाखवलं तेव्हा मुलं हसून लोळली. मी वहीत लिहून घ्यायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या वाक्यांत कुठंही लाल रेघ मारत नाहीये. ती 'थे' म्हणत होती, मी 'थे' लिहीत होतो.

पण ती माझ्याशी बोलली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आई माझ्याशी हसून बोलू लागली. एकदा तिनं मोह घातलेली भाकर फडक्यात बांधून दिली आणि बायकोला दाखवा, म्हणाली. बायकोनं चाखली, म्हणाली तुमच्या शाळेत माझंच नाव घाला. सगळीकडून मला माफी मिळत होती. जिच्याकडून हवी होती, ती मात्र मैत्रिणीच्या कानातूनच बोलत होती. तिच्यावर घाई करायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी झाडत राहिलो.

एप्रिलच्या मध्यावर फुलं विरळ झाली. मग एका सकाळी टोपलीचा तळही झाकला नाही, आणि आई म्हणाली, झालं, सरला मोह. मोह सरला की ती शाळेत येईल, असं आईचं म्हणणं होतं. मुलीनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. केस घट्ट बांधलेले, शेवटच्या रांगेत, मैत्रिणीला चिकटून. हजेरीला तिनं 'हजर' म्हटलं, पण ते तर सगळेच म्हणतात, आणि ते भिंतीकडं बघून म्हटलं होतं.

दिवस शनिवारचा होता. आम्ही बोडीकडं निघालो. रांग नव्हती, मुलं कशीही, दोघं-चौघं करून चालत होती. बोडीचं पाणी आटून मध्यावर गेलं होतं, काठाला भेगाळलेली माती आणि गोटे. वर दोन टिटव्या कावल्यासारख्या ओरडत घिरट्या घालत होत्या. मी मुलांकडं तोंड करून, उलटा चालत, आटलेल्या पाण्याच्या खुणांबद्दल काहीतरी सांगत होतो. चांगला रंगलो होतो.

"सर, थांबा! पाय नोका ठेवू!"

मी थांबलो. उजवा पाय वर होता, तो तसाच वर राहिला. मैत्रीण नव्हती बोलली. ती बोलली होती. घोळक्यातून धावत पुढं आली होती आणि दोन्ही हात माझ्याकडं करून उभी होती.

"मागं पाहू नका, पडाल," ती म्हणाली. "टिटवीचे अंडे हायेत. चार. अगदी तुमच्या टाचेखाली."

मी एका पायावर उभा होतो. माझं वय आणि माझं पोट पाहता ते सोपं नव्हतं. मुलं हसू लागली, टिटव्या डोक्यावर कलकलाट करत होत्या, एकानं तर मोजायलाच सुरुवात केली, एक, दोन, तीन. मी विचारलं, "आता काय करू?"

तिनं माझ्या पायाकडं बघितलं, गोट्यांकडं बघितलं, जराही घाई न करता विचार केला.

"पाय पुढं घ्या. माझ्याकडं. नाई, इतका नाई जी, लहान टाका. हां. आता दुसरा."

मी तिच्याकडं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग वळून बघितलं. गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. तिनं दाखवली नसती तर मला शेवटपर्यंत दिसली नसती. आम्ही सगळे लांब जाऊन बसलो आणि टिटवी परत अंड्यांवर येईपर्यंत कुणी हललं नाही. ती माझ्या शेजारी बसली होती. टिटवी खाली उतरायला एवढा वेळ काहून लावते, ते मला हळू आवाजात सांगत होती, आणि मला प्रश्न विचारायचा असला की मी आधी तिचं वाक्य संपू देत होतो.